‘नाइट लोर’ : एका खेळाविषयीं खेळाडूंचा कौल

नवें नाटक पाहून नाट्यगृहाबाहेर पडणारा प्रेक्षक जें मत बोलून दाखवितो तें, आणि तेंच नाटक चाळीस वर्षांनीं पाहणारा त्याचा नातू जें मत देतो तें, यांत पुष्कळदां जमीनअस्मानाचें अंतर असतें. आजोबा म्हणतात, असें कधीं पाहिलें नव्हतें. नातू म्हणतो, यांत पाहण्यासारखें आहे तरी काय? दोघेहि प्रामाणिक असतात. मग यांपैकीं खरें मत कोणाचें मानावयाचें? हा प्रश्न केवळ नाटकापुरता नाहीं. संगणकावरील खेळ हा करमणुकीचा अगदीं अलीकडचा प्रकार. परंतु त्याच्या थोडक्या इतिहासांतहि हाच प्रश्न उभा राहिलेला आहे. ज्या खेळाच्या बाबतींत तो फार ठळकपणें उभा राहिला, तो खेळ म्हणजे इंग्लंडांत नोव्हेंबर १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेला ‘नाइट लोर’ होय. त्याच्याविषयीं खेळाडूंनीं जें बरेंवाईट म्हटलें, त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

त्या वेळचें यंत्र कसें होतें हें प्रथम पाहिलें पाहिजे. कारण यंत्राच्या मर्यादा लक्षांत घेतल्यावांचून खेळाडूंच्या विस्मयाचें मोल कळत नाहीं. सिंक्लेअर कंपनीनें एप्रिल १९८२ मध्यें ‘झेड एक्स स्पेक्ट्रम’ या नांवाचा घरगुती संगणक बाजारांत आणला. रबरी कळा असलेली ही काळी पेटी एखाद्या वहीएवढी होती. तिला स्वतःचा पडदा नव्हता. दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणीचा संच तिला जोडावा लागे. खेळ कॅसेटवर येई. ती कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर लावून, कानांना कर्कश वाटणारा आवाज ऐकत, कांहीं मिनिटें वाट पाहिली म्हणजे खेळ यंत्रांत उतरे. यंत्राच्या मोठ्या आवृत्तीची स्मृति ४८ किलोबाइटांची आणि आरंभींची किंमत १७५ पौंड होती. आज खिशांतील फोनवर काढलेलें एखादें साधें छायाचित्रहि याच्या कितीएक पट जागा व्यापतें. पडदा आडवे २५६ व उभे १९२ ठिपके एवढाच. शिवाय आठ ठिपके लांब आणि आठ ठिपके रुंद अशा प्रत्येक चौकटींत एका वेळीं दोनच रंग राहूं शकत. त्यामुळें एका रंगाची आकृति दुसऱ्या रंगाच्या आकृतीजवळून गेली कीं, ओल्या लुगड्याचा रंग शेजारच्या धोतराला लागावा तसा तिचा रंग हिला लागे.

अशा यंत्रावरील बहुतेक खेळ सपाट होते. त्यांतील माणूस डावीउजवीकडे चाले, शिडी चढे, उडी मारी. किंवा वरून पाहिलेल्या चक्रव्यूहांत फिरे. पडद्यावरील जग हें भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखें होतें. त्या चित्रांतील खांबाच्या मागें काय आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. कारण खांबाला मागची बाजूच नव्हती.

दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात. त्या किल्ल्याच्या एका कोपऱ्याशीं उभें राहून खालीं पाहिलें, तर बुरुजाचा माथा दिसतो आणि त्याच्या दोन बाजूंच्या भिंतीहि दिसतात. बुरुजाआड ठेवलेला मावळा अर्धा झांकलेला दिसतो. ज्या रेखनपद्धतींत वस्तु अशी कोपऱ्यावरून व उंचावरून पाहिल्याप्रमाणें काढतात, परंतु दूरची वस्तु लहान न करतां जवळच्या वस्तूएवढीच ठेवतात, तिला आयसोमेट्रिक रेखन म्हणतात. स्थापत्याचे व यंत्रशास्त्राचे विद्यार्थी ही पद्धति फार पूर्वींपासून शिकत आले आहेत. खेळांतहि ती अगदींच नवी होती असें नव्हे. नाणें टाकून खेळावयाचे १९८२ मधील ‘झॅक्सन’ व ‘क्यूबर्ट’ हे खेळ याच तिरकस दृष्टीचे होते. आणि खुद्द स्पेक्ट्रमवर सँडी व्हाइट यांचा ‘अँट अ‍ॅटॅक’ हा खेळ १९८३ मध्यें ठोकळ्यांच्या एका उजाड नगरांत खेळाडूंना फिरवून आला होता. तरी पण या पद्धतीनें वस्तूंनीं भरलेल्या खोल्या उभ्या कराव्या, त्या वस्तु ढकलतां याव्या, त्यांच्यावर चढतां यावें, त्यांच्या आड जातां यावें, असें जें ‘नाइट लोर’मध्यें दिसलें, तें स्पेक्ट्रमच्या खेळाडूंना अपूर्व वाटलें.

हा खेळ काढणारी कंपनी ‘अल्टिमेट प्ले द गेम’. लेस्टरशर परगण्यांतील अ‍ॅशबी-डी-ला-झूश या लहानशा गांवीं टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या बंधूंनीं ती चालविली होती. हे बंधु प्रसिद्धीपासून दूर राहात. मुलाखती क्वचितच देत. त्यांच्या खेळांचा नायक सेबरमन हा डोक्यावर सोला हॅट घातलेला साहसी प्रवासी आहे. १९८४ मधील ‘सेबर वुल्फ’ आणि ‘अंडरवर्ल्ड’ या दोन खेळांतून तो आधींच खेळाडूंच्या परिचयाचा झाला होता. ‘नाइट लोर’मध्यें त्याच्यावर शाप आहे. सूर्य मावळला कीं त्याचें अंग आचके देऊं लागतें आणि बघतां बघतां तो दोन पायांवर उभा राहणारा लांडगा होतो. दिवस उगवला कीं पुन्हां माणूस. पडद्याच्या तळाशीं एका लहान खिडकींत सूर्य व चंद्र क्रमाक्रमानें सरकत असतात. शाप उतरवावयाचा तर चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींच्या आंत मेल्किओर नांवाच्या वृद्ध मांत्रिकाच्या किल्ल्यांत हिंडून, त्याची कढई मागेल त्या क्रमानें १४ वस्तु आणून तिच्यांत टाकावयाच्या. हातीं शस्त्र नाहीं. एका वेळीं फार तर तीन वस्तु जवळ बाळगतां येतात. कोठें कमानींतून आंत पाऊल ठेवतांच काटेरी गोळे दिसतात, कोठें लोखंडी जाळी वरखालीं होते, कोठें पायाखालचा दगडच नाहींसा होतो. जवळची वस्तु खालीं ठेवून, तिच्यावर उभें राहून, उंच जागीं पोहोंचावें लागतें. ही शेवटची युक्ति ज्याला सुचली, त्या खेळाडूला किल्ला एकदम निराळा दिसूं लागे; पडद्यावरची वस्तु ही केवळ गोळा करण्याची जिन्नस नसून ती पायरीहि होऊं शकते, हें त्याला कळून येई.

ही किमया कशी साधली हें समजणें कठीण नाहीं. खोलींतील वस्तु दूरच्या आधीं आणि जवळच्या मागून, अशा क्रमानें काढल्या म्हणजे जवळची वस्तु दूरच्या वस्तूला आपोआप झांकते. परंतु आकृति कांहीं चौकोनी नसते. सेबरमनच्या हॅटभोंवतालची मोकळी जागा मागच्या भिंतीला पुसून टाकील. यावर उपाय म्हणून प्रत्येक आकृतीबरोबर तिच्या कडेचा एक छाप ठेवलेला असे. रांगोळीच्या छापानें जशी नेमकी तेवढीच जागा रंगते, तसा या छापानें आधीं नेमका तेवढाच भाग कोरा करून घ्यावयाचा आणि मग त्यांत आकृति बसवावयाची. रंग एकमेकांना लागूं नयेत म्हणून प्रत्येक खोली काळ्या पार्श्वभूमीवर एकाच रंगांत काढली; एक खोली पिवळी, तर दुसरी हिरवी. या सर्व तंत्राला कंपनीनें ‘फिल्मेशन’ असें भारदस्त नांव दिलें.

खेळ प्रसिद्ध होतांच खेळाडूंनीं दिलेला कौल जवळजवळ एकमुखी होता. इंग्लंडांतील लडलो गांवाहून निघणाऱ्या ‘क्रॅश’ या मासिकाची एक चांगली प्रथा होती. एका खेळावर एकाच परीक्षकाचें मत न छापतां निरनिराळ्या परीक्षकांचीं मतें, त्यांचीं नांवें न देतां, शेजारींशेजारीं छापीत. आणि त्या परीक्षकांत गांवांतील शाळकरी मुलेंहि असत. अर्थात् हीं मतें पंडितांचीं नव्हतीं. शाळा सुटल्यावर तोच खेळ खेळणाऱ्यांचीं होतीं. या मासिकानें ‘नाइट लोर’ला १०० पैकीं ९४ गुण दिले. पुढें ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ या मासिकाच्या वाचकांच्या मतांवर दिलें जाणारें ‘गोल्डन जॉयस्टिक’ पारितोषिक १९८४ सालचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून यालाच मिळालें.

या स्तुतींत नेमकें काय होतें? पहिली गोष्ट भरीवपणाची. खोलींतील ठोकळा हा ठोकळा वाटे. तो ढकलला तर सरके, त्याच्या मागें गेलें तर सेबरमन दिसेनासा होई. जॉन रिटमन नांवाच्या खेळ-रचनाकारांनीं तर पुढें असें सांगितलें कीं, हा खेळ पाहून आपण डिस्नेच्या चलच्चित्रांत शिरून खेळत आहों असें वाटलें. दुसरी गोष्ट वातावरणाची. गोळ्या झाडणें नाहीं, गुणांची आतषबाजी नाहीं. ओसाड किल्ला, एकेक रंगाच्या खोल्या, आणि डोक्यावरून सरकणारा काळ. तिसरी गोष्ट त्या रूपांतराची. रूपांतर चालू असतांना कांहीं क्षण खेळाडूचें कांहींच चालत नसे. तो नुसता पाहात राही. आणि कढईच्या खोलींत तो लांडगा होऊन गेला तर तीच कढई त्याच्यावर उलटे. म्हणजे शाप ही केवळ कथेच्या आरंभीं सांगून सोडून दिलेली सबब नव्हती. ती खेळाच्या नियमांत विणलेली होती. कथा आणि नियम यांचा असा सांधा त्या काळच्या खेळांत विरळा होता, आणि खेळाडूंना तो न शिकवितां जाणवला.

परंतु तक्रारीहि होत्या. आणि त्या स्तुतीइतक्याच मन लावून ऐकण्यासारख्या आहेत. पहिली तक्रार वेगाची. खोलींत हलणाऱ्या वस्तु अधिक असल्या कीं खेळ गुडघाभर पाण्यांत चालल्यासारखा मंदावे. त्या कमी झाल्या कीं एकदम धांवूं लागे. उडीचा अंदाज एका वेगावर बसवावा, तों वेगच बदललेला. दुसरी तक्रार रंगांची: ज्या यंत्रावर रंग होते त्यावर खोली एकरंगी कां असावी? तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची. या रेखनांत दूरची वस्तु लहान होत नाहीं. त्यामुळें हवेंत असलेला काटेरी गोळा जवळ आहे पण उंच आहे, कीं दूर आहे पण खालीं आहे, हें डोळ्यांना सांगतां येत नाहीं. पडद्यावर दोन्ही जागा एकच. पहिल्यांदा मरावें तेव्हांच गोळा कोठें होता तें कळे. चौथी तक्रार कठीणपणाची. डावीकडे वळावयाचें, उजवीकडे वळावयाचें, पुढें चालावयाचें, अशा कळांनीं सेबरमनला हांकणें नवशिक्याला जड जाई. आणि मिळालेले सर्व जीव संपले कीं सगळा किल्ला पहिल्यापासून.

या चार तक्रारी मांडून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांतील पहिल्या तीन या त्याच भरीवपणाची किंमत आहेत. वस्तूंनीं एकमेकांना झांकावें म्हणून प्रत्येक हालचालीला चित्र पुन्हां जुळवावें लागे. म्हणून खेळ मंद. आकृति एकमेकींवर स्वच्छ दिसाव्या म्हणून रंग सोडले. म्हणून खोली एकरंगी. कोपऱ्यावरून पाहण्याची दृष्टि पत्करली. म्हणून अंतराचा घोटाळा. ज्यानें खेळाची स्तुति केली आणि ज्यानें निंदा केली, ते दोघे एकाच गोष्टीविषयीं बोलत होते. एकानें मिळालेला माल पाहिला, दुसऱ्यानें दिलेले पैसे मोजले. चौथी तक्रार मात्र या हिशेबांत बसत नाहीं. जीव संपल्यावर सर्व आरंभापासून करावयास लावणें हें कोणत्याहि रेखनपद्धतीचें अपरिहार्य फळ नव्हे. तो रचनेंतील दोष होता, आणि तो दोष म्हणून सांगणारे खेळाडू बरोबर होते.

पैशांचा उल्लेख येथें केवळ उपमेपुरता नाहीं. या कंपनीचे आधींचे खेळ ५ पौंड ५० पेन्सांना मिळत. १९८४ मध्यें ‘सेबर वुल्फ’पासून तिनें किंमत ९ पौंड ९५ पेन्सांवर नेली आणि ‘नाइट लोर’हि त्याच किंमतीस विकला. खर्चावयाच्या पैशांवर खेळ विकत घेणाऱ्या शाळकरी मुलाला ही रक्कम थोडी नव्हती. एक खेळ घेतला कीं पुढचे कित्येक आठवडे तोच खेळावयाचा. म्हणून त्या मुलाचें मत हलकें नव्हतें. त्याच्यामागें त्याग होता. याच कारणानें कठीणपणाकडे पाहण्याची दृष्टिहि निराळी होती. जो खेळ दोन दिवसांत संपेल तो महाग पडला असें वाटे. जो महिनोन् महिने संपत नाहीं त्यानें पैसे फेडले असें वाटे. मासिकांतून खेळांचे नकाशे छापून येत, मित्र मित्रांना खोल्यांची वाट सांगत, आणि अर्धवट राहिलेला किल्ला दुसऱ्या दिवशीं पुन्हां हाकेला येई. तेव्हां पहिल्या पिढीच्या प्रेमाला विस्मय हें एक कारण होतें, तसा रिकामा वेळ आणि रिकामा खिसा हींहि दोन कारणें होतीं. हें मान्य केल्यानें त्या प्रेमाला कमीपणा येत नाहीं. तें कोठून आलें एवढेंच कळतें.

खेळाडूंचें मत हें नेहमीं तुलनेनें बनतें, ही गोष्ट स्वतः कर्त्यांना पुरती ठाऊक होती. १९८८ मध्यें ‘क्रॅश’ला दिलेल्या मुलाखतींत स्टॅम्पर बंधूंनीं सांगितलें कीं, ‘नाइट लोर’ हा ‘सेबर वुल्फ’च्याहि आधीं तयार झालेला होता, परंतु बाजार त्याला तयार नाहीं, आणि तो आधीं दाखविला तर सपाट रेखनाचा ‘सेबर वुल्फ’ मग कोणी घेणार नाहीं, असें वाटून तो मागें ठेवला. हा व्यापारी हिशेब झाला. पण त्यांत एक मार्मिक निरीक्षणहि आहे. ‘सेबर वुल्फ’ हा खेळ मे महिन्यांत चांगला आणि नोव्हेंबरांत वाईट असा कांहीं बदलत नाहीं. बदलते ती पाहणाराची दृष्टि. ‘नाइट लोर’ पाहिलेल्या डोळ्यांना सपाट खेळ सपाट दिसणार, हें ओळखून त्यांनीं डोळ्यांना तो उशिरां दाखविला. पुढें ज्या न्यायानें ‘नाइट लोर’चीहि परीक्षा व्हावयाची होती, तोच न्याय त्यांनीं येथें आपल्या दुसऱ्या खेळाला चुकवूं दिला.

ती परीक्षा लवकरच आली. स्वतः कंपनीनें १९८५ मध्यें याच तंत्रावर ‘एलियन ८’ काढला. त्यांत किल्ल्याच्या जागीं अवकाशयान आणि सेबरमनच्या जागीं यंत्रमानव होता. त्याच वर्षीं बो यांगेबोर्ग या स्वीडिश रचनाकाराचा ‘फेअरलाइट’ आला. मग अशा तिरकस खोल्यांच्या खेळांचा पूर लोटला. थोड्याच वर्षांत ‘आणखी एक तसलाच’ हा शेरा खेळाडूंच्या तोंडीं बसला. परंतु अनुकरणांतहि दोन जाती असतात. कित्येकांनीं खोल्या तेवढ्या उचलल्या. थोड्यांनीं खेळाडूंच्या तक्रारी उचलल्या. रिटमन हे या थोड्यांपैकीं. बर्नी ड्रमंड या चित्रकाराबरोबर त्यांनीं १९८६ मध्यें ‘बॅटमन’ केला, आणि त्यांत मधल्या ठिकाणाहून खेळ पुन्हां सुरू करण्याची सोय ठेवली. मेल्यावर आरंभापासून, ही जी जुनी तक्रार, तिला मिळालेलें हें उत्तर होतें. पुढें १९८७ मध्यें याच जोडीनें ‘हेड ओव्हर हील्स’ हा खेळ रचला. त्यांत दोन प्राणी आहेत. एकाला उंच उडी मारतां येते, दुसऱ्याला वेगानें धांवतां येतें. दोघे आरंभीं वेगवेगळे असतात आणि पुढें एकमेकांवर बसून एक होतात. ‘नाइट लोर’मधील एका देहांत दोन रूपें होतीं, आणि रूप बदलणें खेळाडूच्या हातीं नव्हतें, येथें दोन देह झाले, आणि केव्हां जुळावें व केव्हां सुटें व्हावें हें खेळाडूच्या हातीं आलें. या प्रकारच्या खेळांत सर्वांत सरस कोणता असें विचारलें तर अनेक जाणते खेळाडू ‘हेड ओव्हर हील्स’चें नांव घेतात, आणि त्यांत त्यांची चूक नाहीं.

यानंतर खेळाडूंची दुसरी पिढी आली. स्टॅम्पर बंधूंनीं १९८५ मध्यें स्थापन केलेल्या ‘रेअर’ या कंपनीच्या तीस वर्षांनिमित्त ऑगस्ट २०१५ मध्यें ‘रेअर रीप्ले’ नांवाचा तीस खेळांचा संग्रह ‘एक्सबॉक्स वन’ या यंत्रासाठीं निघाला. त्यांत ‘नाइट लोर’हि होता. जुन्या खेळांपुरती एक सोय या संग्रहांत केलेली होती: चूक झाली कीं खेळ कांहीं क्षण मागें फिरवून ती चूक टाळतां येई. ही सोय मोठी बोलकी आहे. जुन्या खेळाडूला जें आव्हान वाटत होतें, तें नव्या खेळाडूला जांच वाटेल, हें संग्रहकारांनीं गृहीत धरलें. आणि तें खोटें नाहीं. ज्यानें लहानपणापासून गोलाकार फिरणारीं, प्रकाशछायेनें भरलेलीं जगें पाहिलीं, त्याच्या पुढें ‘नाइट लोर’ ठेवला तर त्याला भरीवपणा दिसतच नाहीं. तो त्याला जन्मापासून फुकट मिळालेला आहे. त्याला दिसतात ते फक्त मंद वेग, एकच रंग आणि फसवा गोळा. आजोबांना जो माल मिळाला होता तो नातवाच्या घरीं आधींच आहे. त्याच्या वांट्याला नुसतें देणें आलें.

मग आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर काय? दोघांचेंहि मत आपापल्या परी खरें, असें म्हणून हात झटकणें सोपें आहे. परंतु तें उत्तर नव्हे. दोन्ही मतांत बरोबर काय आणि चूक काय, हें वेगळें करून दाखविणें शक्य आहे. ‘हा खेळ खेळावयास कठोर आहे’ हें नव्या खेळाडूचें मत बरोबर आहे. तें १९८४ मध्येंहि बरोबर होतें आणि तेव्हांच्या खेळाडूंनीं तें म्हटलेंहि होतें. ‘यांत नवें कांहीं नाहीं’ हें त्याचें मत मात्र चूक; कारण जें आतां नवें वाटत नाहीं, तें याच खेळानें सर्वांच्या संवयीचें केलें. उलट ‘यासारखें पूर्वीं पाहिलें नव्हतें’ ही जुन्या खेळाडूची साक्ष ग्राह्य आहे. साक्षीदार म्हणून त्याची जागा दुसऱ्या कोणालाहि घेतां येणार नाहीं. पण ‘याच्या तोडीचें पुढें कांहीं झालें नाहीं’ असें तो म्हणूं लागला तर तो साक्ष सोडून न्याय देऊं लागला. आणि ‘हेड ओव्हर हील्स’ त्याच्या विरुद्ध उभा आहे. वाट पाडणाराचा मान वेगळा आणि त्या वाटेनें दूर जाणाराचा मान वेगळा. ‘नाइट लोर’चा मान पहिल्या प्रकारचा आहे, आणि तो तेवढाच असणें यांत त्याची कांहींच हानि नाहीं.

हा विवेक केवळ वादाच्या हौसेसाठीं करावयाचा नाहीं. त्यावर एक व्यावहारिक गोष्ट अवलंबून आहे. कॅसेटच्या फितीवरील चुंबकीय लेप अमर नसतो. तीं जुनीं यंत्रेंहि एकामागून एक बंद पडत चाललीं आहेत. पुस्तक कपाटांत पडून राहिलें तरी दोनशें वर्षांनीं वाचतां येतें. खेळ मात्र कोणी तरी मुद्दाम जपला, नव्या यंत्रावर चालता केला, तरच उरतो. काय जपावयाचें हें कोणी ठरवावयाचें? केवळ नव्या खेळाडूच्या आवडीवर सोडलें, तर पहिल्या वाटा पाडणारे सगळेच खेळ नाहींसे होतील. कारण ते त्याला नेहमींच ओबडधोबड वाटणार. केवळ जुन्या खेळाडूच्या आठवणींवर सोडलें, तर खेळ उरेल, पण त्याबरोबर त्याचे दोष सांगणारें कोणी उरणार नाहीं; आणि ते दोष ऐकूनच तर रिटमन व ड्रमंड यांच्यासारख्यांनीं पुढचें पाऊल टाकलें.

म्हणून ज्या घरांत एखाद्या वडीलधाऱ्यानें तो किल्ला लहानपणीं पाहिला असेल, त्या घरांतील मुलांनीं त्याला ‘खेळ चांगला होता काय?’ असें विचारण्याऐवजीं ‘त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तुम्ही काय खेळत होतां?’ असें विचारावें. आणि वडीलधाऱ्यानेंहि मुलाच्या हातीं तो खेळ देऊन, तो कोठें अडखळतो, कोठें चिडतो, तें मध्यें न बोलतां पाहावें. काटेरी गोळा जवळ आहे कीं दूर, हें त्या मुलाला कळत नसेल तर तें त्याचें अज्ञान नव्हे. तें १९८४ मध्यें लडलोच्या शाळकरी मुलांनाहि कळत नव्हतें.